कॅमेलिऑन खाण्याचे नखरे करतोय, काय करावं?

पानाआड

नमस्कार मंडळी,

आमच्याकडे व्हेल्ड जातीचा नर कॅमेलिऑन आहे, वय दीड वर्षाच्या आसपास. लहान असताना रातकिडा दिसला की फांदीवरून तरातरा पुढे यायचा. आता रातकिडा समोर आला की एक डोळा फिरवून बघतो आणि सरळ तोंड वळवतो. डुबिया झुरळांचंही तेच. मात्र हॉर्नवर्म, म्हणजे ती लठ्ठ हिरवी अळी, चिमट्यात धरून दाखवली की क्षणात जीभ बाहेर. याचा अर्थ भूक आहे, पण खायचं ते आवडीचंच.

वजन कमी झाल्यासारखं वाटत नाही. रंग चांगला आहे, दिवसभर चढउतार चालू असते. तरीही जीवाला घोर लागून राहिलाय. नुसत्या हॉर्नवर्मवर ठेवलं तर चालेल का? चालत नसेल तर बाकीचं पुन्हा खायला कसं लावायचं?

---

शेवाळ

उत्तर द्यायच्या आधी थोडी माहिती हवी आहे. रोज खायला देता की दिवसाआड? एका वेळी किती किडे? ऊन खायच्या फांदीवर तापमान किती, आणि ते मोजता कुठे? यूव्हीबी, म्हणजे अतिनील किरण देणारी, ट्यूब कधी बसवली? पाणी कसं देता? विष्ठेतला पांढरा भाग खरंच पांढरा असतो की पिवळा-केशरी? पिंजरा जमिनीवर आहे की उंचावर?

प्रश्नांची सरबत्ती वाटेल, पण कॅमेलिऑनने खाणं सोडलं की कारण बहुतेक वेळा ताटात नसतं, पिंजऱ्यात असतं.

---

पानाआड

रोज देते, सकाळी सहा-सात किडे. तापमापक पिंजऱ्याच्या भिंतीला मधोमध चिकटवलाय, तो २७ दाखवतो. ट्यूब टी५, वर्ष होऊन गेलंय, पण प्रकाश अजून छान पडतो. पाण्याची फवारणी सकाळ-संध्याकाळ. पांढऱ्या भागाचं टोक कधीकधी पिवळसर असतं. पिंजरा खोलीच्या कोपऱ्यात, कमरेइतक्या उंचीच्या टेबलावर.

---

रानवेल

मी पशुवैद्य आहे, सरपटणारे प्राणी नेहमी तपासायला येतात. सविस्तर लिहिते, कारण 'खात नाही' या दोन शब्दांखाली तीन वेगवेगळ्या गोष्टी येतात आणि तिन्हींचे उपाय वेगळे आहेत. खाऊ घालताना शांतपणे बाजूला उभं राहून एवढंच बघा, की नकार नेमका कोणत्या पायरीवर येतो.

पहिला प्रकार: किडा समोर आहे, पण प्राणी बघतच नाही. डोळे मिटलेले किंवा अर्धवट उघडे, दिवसाही झोपाळू. याला नखरे म्हणायचं नाही. दिवसा डोळे मिटून बसलेला कॅमेलिऑन आजारी समजावा आणि लगेच दाखवावा.

दुसरा: एका डोळ्याने बघतो आणि तोंड फिरवतो. तुमचा हा आहे. इथे पोट भरलेलं असणं, किड्याचा कंटाळा, किड्यावर पावडरीचा थर, पिंजऱ्यातली अस्वस्थता अशी कारणं असतात. याला वेळ देता येतो.

तिसरा फार जणांच्या नजरेतून सुटतो. दोन्ही डोळे किड्यावर रोखले जातात, मान पुढे येते, तोंड किंचित उघडतं, जिभेचं गुलाबी टोक ओठांशी दिसतं आणि तिथेच सगळं थांबतं. जीभ परत आत. किंवा जीभ सुटते, पण अर्ध्यावरच पडते, किड्याला चिकटत नाही. या प्राण्याला खायचं असतं, पण जमत नसतं. कॅल्शियमची कमतरता, अ जीवनसत्त्वाची कमतरता, तोंडातला संसर्ग, जिभेला इजा, शरीरात पाणी कमी असणं, यातलं काहीही असू शकतं. अशा वेळी किडे बदलून बघण्यात दिवस घालवू नका.

आता तुमच्या माहितीबद्दल. प्रौढ व्हेल्ड नराला रोज सहा-सात किडे हे भरपूर झालं. वाढत्या पिल्लाला रोज पोटभर द्यायचं असतं. वर्षभरानंतर वाढ मंदावते, तेव्हा दिवसाआड तीन ते पाच मध्यम किडे पुरतात. ज्याचं पोट कधी रिकामंच होत नाही, तो रातकिड्याकडे कशाला बघेल? हॉर्नवर्म तो भुकेपोटी नाही, आवडीपोटी घेतोय. कॅस्कच्या, म्हणजे डोक्यावरच्या तुऱ्याच्या, दोन्ही बाजू फुगीर दिसतायत का, तेही बघा. चरबी तिथे लवकर कळते.

तापमान भिंतीवर मोजून उपयोग नाही. जिथे बसून तो ऊन खातो, तिथे त्याच्या पाठीच्या उंचीवर मोजा. प्रौढ नराला तिथे २९ ते ३२ अंश मिळायला हवेत, आणि पिंजऱ्याच्या खालच्या भागात २२ ते २४, म्हणजे त्याला हवं तेव्हा थंडाव्यात जाता येतं. अंतर ठरवताना तुरा विसरू नका. दिव्याच्या सर्वांत जवळ तोच असतो आणि तिथली कातडी भाजलेले नर मी पुष्कळ बघितलेत.

ट्यूबचा उजेड दिसतो म्हणून त्यातून यूव्हीबी येतेच असं नाही. ती आपल्या डोळ्यांना दिसत नाही आणि उजेडाच्या कितीतरी आधी मंदावते. मोजायला मीटर नसेल तर वर्षाने ट्यूब बदलायचीच. मीटर असेल तर ऊन खायच्या जागी यूव्ही निर्देशांक ३ च्या आसपास हवा. ट्यूब जाळीवर ठेवली असेल तर बराचसा भाग जाळीच अडवते, त्याचाही हिशेब धरा.

---

शेवाळ

रानवेल यांनी सगळं सांगितलंच आहे. मी फक्त पाण्याचं बोलतो, कारण पिवळसर टोक तिकडेच बोट दाखवतंय.

कॅमेलिऑन वाटीतलं पाणी सहसा ओळखत नाही, पानावरचा थेंब हलला-चमकला की तो चाटतो. झटपट फवारून बाजूला झालं तर त्याच्या लक्षात येईपर्यंत थेंब ओघळून गेलेले असतात. अनेकजण पहिल्या फवाऱ्याला डोळे मिटून घेतात आणि काही मिनिटांनी प्यायला सुरुवात करतात. म्हणून फवारणी बारीक आणि सावकाश, दोन-चार मिनिटं तरी चालू ठेवा. वर ठिबकणारी बाटली लावून थेंब एका रुंद पानावर पडेल असं केलं तर उत्तमच. फवारणीनंतर पिंजरा सुकू द्या, सतत ओला ठेवला तर श्वसनाचे आजार होतात.

अंगात पाणी कमी असलं की खाणं सगळ्यात आधी कमी होतं.

---

तिसरी_फांदी

एवढा विचार कशाला? दोन आठवडे काही देऊ नका, मग रातकिडा काय, काहीही खाईल. माझ्याकडे तसंच झालं.

---

रानवेल

@तिसरी_फांदी, निरोगी, भरलेल्या अंगाच्या प्रौढ नराला चार-पाच दिवस न दिल्याने बिघडत नाही, हे मान्य. पण धागा वाचणाऱ्या प्रत्येकाकडे तसाच प्राणी नसतो, म्हणून हे ठळकपणे लिहिते. पिल्लाला उपाशी ठेवायचं नाही, एखाद-दोन दिवसांतच ती ढासळतात. मादीने खाणं सोडलं तर आधी अंड्यांची शक्यता तपासायची. आणि वजन न करता कोणालाच उपास घडवायचा नाही.

वजनासाठी साधा डिजिटल काटा पुरतो. काट्यावर उभी फांदी ठेवून काटा शून्यावर आणा, मग त्याला हळूच फांदीवर चढू द्या. आठवड्याला एकदा, सकाळी, खाण्याआधी. दहा टक्क्यांहून जास्त घट दिसली तर थांबू नका, दाखवायला न्या. डोळ्यांनी अंदाज घेऊन फसगत होते. कॅमेलिऑन आजार लपवण्यात पटाईत असतात, निसर्गात दुबळा दिसणारा आधी शिकार होतो.

आणि कृपा करून कोणीही घरी जबरदस्तीने तोंड उघडून भरवू नका. जबडा नाजूक असतो आणि श्वासनलिकेचं तोंड जिभेच्या अगदी मागे असतं. कॅल्शियम कमी असलेल्या प्राण्याचा जबडा ओढताना मोडलेला मी स्वतः बघितलाय.

---

कीटकघर

मी खाद्यकिडे वाढवतो, त्यामुळे किड्यांची बाजू मी मांडतो.

नुसत्या हॉर्नवर्मवर ठेवता येणार नाही. या अळीत सुमारे ८५ टक्के पाणीच असतं. पाणी कमी असलेल्या प्राण्याला किंवा आजारातून उठलेल्याला ती फार चांगली, पण रोजचं जेवण म्हणून प्रथिनं कमी पडतात. शिवाय बागेतल्या टोमॅटोवर किंवा तंबाखूवर सापडलेली तीच अळी कधीही देऊ नका. त्या झाडांतली विषारी द्रव्यं तिच्या अंगात असतात. द्यायची ती कृत्रिम खाद्यावर वाढवलेलीच.

आता, रातकिड्याकडे पाठ का? तुम्ही चिमट्यातून अळी देता आणि रातकिडे बहुधा पिंजऱ्यात सोडता. हो ना? अळी डोळ्यांसमोर वळवळते, हिरवीगार असते, पळत नाही. रातकिडा खाली मातीत जाऊन बसतो. झुरळ तर पडल्या पडल्या स्थिर होतं किंवा कोपरा गाठतं. कॅमेलिऑनची शिकार हालचालीवर चालते, न हलणारं झुरळ त्याच्या लेखी काडीसारखंच.

म्हणून हे करून बघा. गुळगुळीत, उभट भांडं घ्या, आतून एका बाजूला जाळीचा तुकडा लावा म्हणजे किडे त्यावर चढतील आणि त्याला दिसतील. भांडं त्याच्या आवडत्या फांदीच्या थोडं खाली, जीभ पोचेल इतक्या अंतरावर बांधा. जागा रोज तीच ठेवा. भांडं ठेवलं की खोलीतून निघून जा. समोर माणूस उभा असेल तर कित्येक कॅमेलिऑन खात नाहीत.

मग किड्यांचं वैविध्य. रेशीमकिड्याची अळी मऊ आणि पौष्टिक, हॉर्नवर्मवर अडलेल्याला वळवायला पहिली पसंती माझी तिलाच. ब्लॅक सोल्जर माशीच्या अळीत कॅल्शियम मुळातच भरपूर असतं. टोळ मिळत असतील तर फारच छान, फांदीवर चढतात आणि लांबून दिसतात. आणि सगळ्यात परिणामकारक म्हणजे उडणारी माशी. ब्लू बॉटल माशीचे कोष आणून जाळीच्या पिंजऱ्यात ठेवले की दोन-चार दिवसांत माश्या बाहेर येतात. प्रौढ नराचं माशीने पोट भरत नाही, पण मरगळलेली शिकारी वृत्ती ती हमखास जागी करते. वॅक्सवर्म मात्र नकोच, नुसती चरबी. त्याची चटक हॉर्नवर्मपेक्षा वाईट.

काजवा चुकूनही देऊ नका, सरड्यांसाठी तो जीवघेणा विषारी असतो. बाहेरून पकडलेले किडेही कीटकनाशकाच्या भीतीने मी देत नाही.

किड्याचा आकार प्राण्याच्या डोक्याच्या रुंदीपेक्षा मोठा नको. आणि न खाल्लेले रातकिडे संध्याकाळी बाहेर काढा. रात्री झोपलेल्या कॅमेलिऑनला ते कुरतडतात. अशा चाव्यांनंतर प्राणी रातकिड्यालाच घाबरतो आणि आपण समजतो नखरे चाललेत.

---

दवबिंदू

पावडरीचा मुद्दा महत्त्वाचा आहे, त्यात भर घालते. मैत्रिणीच्या पँथर जातीच्या कॅमेलिऑन नराने असंच रातकिड्यांकडे तोंड फिरवलं होतं. तिच्याकडे गेले तर भांड्यात पिठात घोळल्यासारखे पांढरे किडे होते, मिशासुद्धा दिसत नव्हत्या! पावडर कमी केली आणि त्याने खाल्ले. डी३ नसलेलं साधं कॅल्शियम बहुतेक प्रत्येक जेवणाला, पण किडा दिसायला किडाच राहील इतकंच. डी३ असलेलं आणि जीवनसत्त्वांचं मिश्रण महिन्यातून दोनदा पुरतं. डी३ आणि अ जीवनसत्त्व जास्त झालं तर अंगात साठून अपाय करतं.

---

कीटकघर

अगदी बरोबर. आणि पावडरीपेक्षाही किड्याच्या पोटात काय आहे हे मोठं. रातकिड्यात कॅल्शियमपेक्षा फॉस्फरस कितीतरी जास्त असतं, हवं त्याच्या उलट. म्हणून द्यायच्या आधी २४ तास किड्यांना हिरव्या पालेभाज्या, गाजर, रताळं, भोपळा खाऊ घाला. पालक टाळा, त्यातलं ऑक्झॅलेट कॅल्शियम बांधून ठेवतं. डब्यात उपाशी पडलेला रातकिडा म्हणजे नुसतं टरफल.

---

उन्हाळी

माझ्याकडे पँथर आहे, सकाळी दिवे लागल्या लागल्या जीभ मारून किडा पकडतो, पण नंतर तो तोंडातच धरून बसतो, कधी टाकूनही देतो. हाही नखराच का?

---

रानवेल

सकाळी लवकर देऊ नका, दिवे लागल्यानंतर तास-दीड तास ऊन खाऊ द्या. यामागे एक सुंदर गोष्ट आहे. कॅमेलिऑनची जीभ स्नायूंच्या थेट जोरावर सुटत नाही, आधी ताणून साठवलेल्या ऊर्जेवर सुटते, धनुष्यातून बाण सुटावा तशी. २०१० साली व्हेल्ड कॅमेलिऑनवर झालेल्या संशोधनात दिसलं की १५ अंशांच्या थंडीतही जीभ फेकण्याची ताकद फारशी घटत नाही, मात्र ती आत ओढून घेणं बरंच मंदावतं, कारण ते काम स्नायूंनाच करावं लागतं. त्यामुळे गारठलेला प्राणी शिकार करू शकतो, म्हणून त्याचं शरीर खाण्यासाठी तयार आहे असं नाही. पचन उबेशिवाय चालत नाही.

तास-दीड तासानंतर दिलेला किडाही टाकत असेल, तर तोंडाच्या आतल्या बाजूला पिवळसर थर किंवा सूज आहे का, हे डॉक्टरकडून बघून घ्या.

---

पिंपळपान

माझी व्हेल्ड मादी, वय वर्षाच्या आत. नर कधी जवळही आलेला नाही. खाणं एकदम बंद, दिवसभर पिंजऱ्याच्या तळाशी फिरते, कोपरे उकरते. पोट गोल दिसतंय. मला वाटलं जास्त खाल्लं असेल. रातकिडे बदलू का?

---

रानवेल

@पिंपळपान, रातकिड्यांचं राहू द्या, हे आजच्या आज करा. ती अंडी घालायच्या तयारीत आहे. नर नसतानाही व्हेल्ड मादी अंडी घालते, फक्त ती फलित नसतात. घालायला योग्य जागा मिळाली नाही तर अंडी आतच अडकतात आणि मादी दगावते.

उभं, खोल भांडं घ्या, त्यात किमान ३० सेंटिमीटर ओलसर धुतलेली वाळू किंवा वाळू-माती भरा. बोटाने बोगदा केला तर ढासळू नये इतपत ओल असावी. भांडं पिंजऱ्यात ठेवा आणि तीन बाजूंनी कापडाने आडोसा करा. ती खोदायला लागली की डोकावू नका. कोणी बघतंय असं वाटलं तर बोगदा अर्धवट सोडून देते. पाणी मिळत राहू द्या.

ती मलूल झाली, डोळे मिटायला लागली, फांदी धरता येईना किंवा एक-दोन दिवस खोदून काहीच निष्पन्न झालं नाही, तर थेट दवाखाना. एक्स-रेत अंडी स्पष्ट दिसतात.

---

पिंपळपान

भांडं ठेवलं, चादर लावली. ती उतरली आहे. मी बाहेरच्या खोलीत येऊन बसलेय.

---

शेवाळ

@पानाआड, पिंजऱ्याबद्दल राहून गेलं. कमरेइतकं टेबल कमी पडतं. कॅमेलिऑनला स्वतः उंचावर बसून खाली बघायला हवं असतं. आपण वरून वाकून बघतो तेव्हा त्याला शिकारी पक्षी वाकल्यासारखं वाटत असणार. निदान वरची फांदी आपल्या डोळ्यांच्या वर येऊ द्या. आत दाट पानं असू द्या, पूर्ण लपता येईल इतकी. काचेत स्वतःचं प्रतिबिंब दिसत असेल तर ती बाजू झाका, त्याला तो दुसरा नर वाटतो. समोरून मांजर जात असेल तर तेही कारण पुरतं.

---

पानाआड

सगळ्यांचे मनापासून आभार. सांगितलेलं एकेक करत गेले, आता कळवते.

फांदीवर पाठीच्या उंचीला तापमान ३५ निघालं, भिंतीवरच्या २७ चा त्याच्याशी काही संबंध नव्हता. दिवा वर उचलला, आता ३० आहे. ट्यूब नवी बसवली. पिंजरा उंच कपाटावर गेला. ठिबकणारी बाटली लावली, आता रुंद पानावर थेंब पडायला लागला की तो मान तिरकी करून बराच वेळ पीत बसतो, हे आधी कधी दिसलंच नव्हतं. पांढरा भाग आता स्वच्छ पांढरा.

खाणं दिवसाआड केलं, हॉर्नवर्म पूर्ण बंद. सुरुवातीला भांड्याकडे ढुंकूनही बघितलं नाही, वजन मात्र जागच्या जागी होतं म्हणून धीर धरला. मग कीटकघर यांच्या सांगण्यावरून माश्या सोडल्या. पहिली माशी जाळीवर बसताच दोन्ही डोळे पुढे आले, अंगाचा रंग उजळला, आणि तो फांदीच्या टोकापर्यंत गेला! त्यानंतरच्या खेपेला भांड्यात रेशीमकिड्याच्या अळ्या आणि दोन रातकिडे ठेवले. अळ्या आधी संपल्या. दुपारी बघितलं तर रातकिडेही नव्हते, आणि भांडं तर तसंच बांधलेलं. झुरळांना अजून नकारच आहे.

---

कीटकघर

वा! झुरळाचा आग्रह सोडून द्या. चार-पाच प्रकारचे किडे आलटून पालटून मिळत असतील तर एखादा नावडता असला म्हणून काही अडत नाही. हॉर्नवर्म आता महिन्यातून एक-दोनदा, शेवटी, बाकीचं खाऊन झाल्यावर. वीण-हंगामात नर पुन्हा खाणं कमी करेल, पिंजऱ्यात येरझाऱ्या घालेल, कात टाकायच्या आधीही एक-दोन दिवस खाणार नाही. तेव्हा लगेच हॉर्नवर्म काढू नका.

---

रानवेल

आणि पुढच्या वेळी ताजी विष्ठा डबीत घालून तपासायला द्या. सगळं सुरळीत असलं तरी वर्षातून एकदा परजीवींची तपासणी हवीच, विशेषतः प्राणी रानातून पकडून विकलेला असण्याची शक्यता असेल तर.

@पिंपळपान, काय झालं?

---

पिंपळपान

आज सकाळी वर आली, हातापायांना माती, अंगाने एकदम बारीक झालेली. वाळू सपाट दाबून बुजवली आहे. उकरल्यावर अंडी सापडली, पांढरी, पुष्कळ. पाणी खूप प्यायली. आता खायला काय आणि किती देऊ?

---

रानवेल

फार छान झालं. दोन-चार दिवस रोज द्या, कॅल्शियम लावलेले किडे आणि हॉर्नवर्मसुद्धा, तिला आत्ता पाण्याची आणि ताकदीची गरज आहे. त्यानंतर मात्र दिवसाआड आणि मोजकंच. मादीला जितकं जास्त खाऊ घालाल तितकी पुढची अंडी जास्त संख्येने आणि लवकर येतात, आणि तिचं आयुष्य त्यातच झिजतं. ऊन खायची जागाही तिच्यासाठी २७-२८ अंशांच्या वर नको. वाळूचं भांडं काढून टाकू नका, पिंजऱ्यात कायम राहू द्या.

---

पिंपळपान

भांडं राहील. आत्ताच एक अळी घेतली.